रेडिओला वारा

चहा सोडलेल्या माणसाबरोबर एका खोलीत राहिलात कधी? नाही ना? मग मला शांतपणा शिकवू नका. दारू सोडलेला परवडला, तंबाखू सोडलेला परवडला. आमचे सासरे कोंडीराम, म्हणजे साऱ्या चाळीचे अप्पा, यांनी चहा सोडला होता, आणि तो डॉक्टरनं सांगितलं म्हणून नव्हे. मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत चहाला शिवणार नाही, अशी शपथ घेतली होती. म्हणजे आजारी माणूस भोईवाड्यात आणि औषध दिल्लीत! आणि मधल्या मध्ये मी.

त्या शपथेमागची गोष्ट आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा खुळाच होता.

अप्पा गिरणीत साच्यावर होते. साच्यावर म्हणजे कापड विणायच्या मशीनवर. तिथे आवाज एवढा की शेजारचा माणूस बोंबलला तरी ऐकू येत नाही. म्हणून ते लोक हातांनी बोलतात. साहेब येतोय याची एक खूण, धागा तुटला याची एक, मुतायला जातो याचीसुद्धा एक. चहाची खूण म्हणजे पंजाची बशी करून ओठांशी न्यायची. अप्पांच्या बाजूच्या साच्यावर दत्तारामकाका होते, आमच्याच मजल्यावर गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहायचे. सुट्टीच्या दिवशी अप्पा जिन्याजवळच्या बाकावरून नुसती बशी करून दाखवायचे, की दत्तारामकाका त्या टोकाला सदऱ्यात हात घालत बाहेर. मग दोघं खाली कोपऱ्यावरच्या हॉटेलात. एकच चहा मागवायचे. बशीतला अप्पांचा, कपातला दत्तारामकाकांचा. वर्षानुवर्षं असंच.

छप्पन सालच्या जानेवारीत सगळीकडे पेटलं होतं, तेव्हा असेच दोघं बसले होते. बशी भरलेली, कप अर्धा. बाहेर रस्त्यावर गलका झाला. दत्तारामकाका उठले. म्हणाले, "अप्पा, माझा अर्धा ठेवा, बघून येतो काय झालंय ते." गेले, आणि गोळी लागली. ते काही परत आले नाहीत.

त्या दिवशी अप्पा घरी आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, "मुंबई मिळेपर्यंत चहा नाही." आम्हाला वाटलं, चारदोन महिन्यांचा प्रश्न आहे. कसलं काय!

त्यात त्याच वर्षी एकदा फसगत झाली. आमच्या वरच्या मजल्यावर बाबुराव राहतात, ट्रामच्या डेपोत आहेत. त्यांना जगातलं सगळं कळतं, फक्त अर्धं कळतं. ते धावत आले, "अप्पा, नवं राज्य झालं! मुंबई आपल्यात!" मी आनंदानं चहा टाकला. अप्पांनी कप ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात कुणीतरी पेपर वाचून दाखवला, की मुंबई मिळाली खरी, पण गुजरातसकट मिळाली, द्विभाषिक का काय ते. अप्पांनी कप होता तसा खाली ठेवला. "म्हणजे खोली मिळाली आणि चावी दुसऱ्याकडे," म्हणाले. बाबुरावांशी ते सहा महिने बोलले नाहीत.

तेव्हापासून अप्पांचा माणसांवरचा विश्वास उडाला, आणि दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्या पेपरवरचाही. म्हणायला लागले, "मुंबई मिळाली असं रेडिओवर माझ्या कानांनी ऐकेन, तेव्हाच चहा घेईन. मध्ये दुसऱ्या कुणाचं तोंड नको."

आता कान म्हणाल तर जन्म साच्यांच्या खडखडाटात गेलेला. स्वच्छ आवाज असला तर ऐकायचे, अगदी दोन खोल्यांपलीकडलं माझं पुटपुटणंही ऐकायचे मेले ते कान! पण खाली जरा जरी घूं घूं असली की सगळं बोलणं त्यात बुडून जायचं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात रेडिओ होता. पण तिथे माणसांचा कालवा, गुडघ्यांना जिना झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या टेबलासमोरून जायची अप्पांची छातीच नव्हती.

घरात चहा बंद. मी माहेरी दिवसाला चार कप पिणारी! अप्पांना वास आला की त्यांचं कपाळ उठायचं, मग आमटी खारट, भात कच्चा, सून कामचुकार. म्हणून मी शेजारी बकुळावैनीकडे जाऊन, दाराआड भिंतीकडे तोंड करून चहा प्यायची. चोरासारखी. आणि बकुळावैनी काही फुकट चहा पाजणाऱ्यातली नव्हे. माझ्या दारासमोर तिची वाळवणं, माझ्या वाट्याच्या दांडीवर तिची लुगडी. मी तोंड उघडलं की म्हणायची, "राहू दे की गो. आणि हो, चहा टाकलाय." की माझं तोंड बंद. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे हिनंच घात केला.

आमचे हे, म्हणजे जगदीश (मी नाव घेत नाही, तुमच्यासाठी एकदा घेतलं), गिरणीत वायरमन. बापानं रेडिओ म्हटल्यावर यांना चेव चढला. तयार रेडिओ आणणं आमच्या ऐपतीत नव्हतंच. चोरबाजारातून एकेक हाड आणून यांनी एक सांगाडा उभा केला. देवदाराच्या खोक्यात बसवला. आत काचेच्या नळ्या, पेटल्या की लाल व्हायच्या आणि तापायच्या. पहिल्या दिवशी त्यातून जे आलं त्याला आवाज म्हणायला मी तयार नव्हते, पण यांचे डोळे पाणावले. मग मीही म्हटलं, छान आहे हो.

अडचण अशी, की वीज घ्यायची सोय खोलीत एकाच ठिकाणी, माझ्या स्टोव्हच्या वरच्या फळीशी. आणि अप्पा बसणार बाहेर गॅलरीत जिन्याजवळच्या बाकावर. खोलीत त्यांना उकडायचं, आणि स्टोव्हच्या भर्रर्रपुढे काही ऐकू यायचं नाही. म्हणून यांनी बोलणारा कर्णा, म्हणजे स्पीकर, वेगळा काढून बाहेर अप्पांच्या कानाशी टांगला, आणि आतून बाहेरपर्यंत वायर ओढली.

पहिली वायर गिरणीतली, सुती कापड गुंडाळलेली, दोन पदरांची. ती दिव्याच्या लाइनीला खेटून नेली, खिळे वाचावेत म्हणून. स्पीकरमधून घूंऽऽ. अप्पा म्हणाले, "जगदीश, यात साचा चाललाय. तो बंद कर, मग ऐकतो."

"अप्पा, ती विजेची घरघर आहे. लाइनीजवळून वायर गेली की येते."

"मग लाइनीजवळून नेलीस कशाला? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

बापच असं म्हणाल्यावर हे काय बोलणार?

दुसरी वायर घंटेची, केसासारखी. ती दुसऱ्या बाजूनं नेली. साचा बंद झाला, पण वायर पडली नाजूक, बातम्या सांगणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा बोलायला लागला. मग बाबुरावांनी सल्ला दिला. आणि काय सांगू, या खेपेला अर्धा सल्ला पुरा निघाला! म्हणाले, "माझगावला गोदीत मोडलेल्या बोटींचं सामान मिळतं. बोटीवरची वायर आण. वरून धातूची जाळी असते, घरघर आत शिरत नाही." हे गेले आणि बोटाएवढी जाड, अजगरासारखी वायर खांद्यावर टाकून आले. लाइनीपासून लांब म्हणून ती गॅलरीच्या बाहेरच्या अंगानं, कपडे वाळत घालायच्या दांड्यांच्या बाजूनं बांधली.

आवाज आला बाई! खणखणीत. अप्पांनी बाजारभावसुद्धा पुरे ऐकले. गुळाचा भाव ऐकून हसलेले अप्पा मी पहिल्यांदाच पाहिले.

आणि पाच मिनिटांत आवाजाचा घसा बसला. आधी खोल गेला, मग पुटपुटला, मग मुका. साठ सालचा एप्रिल, खाली माझा स्टोव्ह, वर पत्र्याची फळी, आत तापलेल्या नळ्या. रेडिओ भाजून निघत होता. तो गार होईपर्यंत तासभर काही बोलायचा नाही.

तोवर चाळीत रोजच बोलणं सुरू झालं होतं की आता एक मेला राज्य होणार, नक्की होणार. मुंबई आपली. पोरांच्या पताका कापून झाल्या होत्या. अप्पा म्हणायचे, "होऊ दे. रेडिओवर ऐकू दे." आणि मी रेडिओकडे बघायची. म्हणजे कळलं ना? सगळ्या मुलखाला महाराष्ट्र मिळणार होता, आणि आमच्या घरात पाच मिनिटांपुढची बातमी ऐकू आली नाही तर चहा मिळणार नव्हता.

गार करायचं म्हटल्यावर यांना गिरणीच आठवली. कापडखात्यात धागा तुटू नये म्हणून हवेत ओलावा सोडतात, खिडक्यांना ओली किंतानं लावतात. गारेगार होतं म्हणे. यांनी एक गोणपाट भिजवलं, पिळलं आणि रेडिओवर पांघरलं, पोराला दुलई घालावी तसं. मी म्हटलं, "अहो, विजेची वस्तू आहे."

"चंपा, वीज मला शिकवू नकोस."

नाही शिकवली. गोणपाटातून एक थेंब आत तापलेल्या काचेवर पडला आणि फट्! खोलीभर वाफ, जळका वास, आणि दिवा गेला तो सगळ्या मजल्याचा. बाहेरून अप्पा ओरडले, "काय झालं रे? लागला का निकाल?"

नवी नळी आली. मग बाबुरावांनी त्यांचा टेबलफॅन दिला. तो फळीवर रेडिओच्या तोंडाशी ठेवला. भर्र भर्र करायचा, पण करीना का, आवाज खोलीत, अप्पा बाहेर. रेडिओ गार राहिला, अर्धा अर्धा तास बोलला. मी मनातल्या मनात कपबशा विसळून ठेवल्या.

आणि तीस एप्रिलला, शनिवारी दुपारी, बकुळावैनीनं गोधडी धुतली.

उद्या सण, म्हणून घरातलं सगळं धुवायला काढलं होतं तिनं. दांड्या भरल्या. माझी दांडी भरली. मग तिला ती बोटीवरची वायर दिसली. अशी जाडजूड, ताणलेली, उन्हात! तिनं ओलीगच्च गोधडी उचलली आणि टाकली त्यावर. मी दारातून बघत होते. ओरडणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "चंपे, चहा टाकलाय गो." आणि माझी जीभ जागच्या जागी थिजली. एक क्षणभरच हो! पण तेवढ्यात वायर खाली बसली, आत फळीवरचा रेडिओ सरकला, आणि धाड्कन माझ्या भाताच्या तपेल्यावर.

मी रडले. लाज कसली? ढसाढसा रडले. बकुळावैनी गोधडी कवटाळून उभी. हे आले. खोकं उचललं, भात झटकला, जमेल तेवढं पुन्हा जोडलं. रेडिओ बोलला! पण यांनी कान टवकारले. एका नळीला नखानं टिचकी मारली. बाहेर स्पीकरमधून टण्णकन घंटा वाजली. अप्पा म्हणाले, "आरती एवढ्या लवकर?"

"आतून खिळखिळी झालीय ही नळी," हे म्हणाले. "आता हिला कान उगवलेत. रेडिओजवळ जे काय वाजेल ते ही ऐकणार आणि स्पीकरमधून सांगणार."

"मग बदला की!"

"उद्या रविवार. सोमवारशिवाय नळी मिळायची नाही."

टेबलफॅन लावून बघितला. स्पीकरमधून असा काही भर्राटा आला की अप्पांनी दोन्ही हात वर करून साचा बंद करायची खूण केली, जुन्या सवयीनं. फॅन बंद केला तर आवाजाचा घसा बसायला लागला. फॅन लावला तर ऐकू येणार नाही, नाही लावला तर बोलणार नाही. त्या रात्री आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. अप्पा एवढंच म्हणाले, "राहू दे. एवढी वर्षं राहिलो, आणखी राहीन." त्यांच्यावर चिडायची एवढी सवय झाली होती, की त्यांची दया आली तर काय करायचं तेच मला कळेना.

सकाळी चाळ नटली होती. दारोदार तोरणं, खाली रांगोळ्या, पोरं पेपर नाचवत होती. अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि बाकावर बसले. पेपर पुढे केला तर तोंड फिरवलं. मी स्टोव्ह विझवून ठेवला, त्याचीही भर्रर्र नको म्हणून. मग पंखा घेतला, आपला साधा ताडाचा हातपंखा. हातानं वारा घातला तर आवाज कसला येतो?

येतो. यांनी रेडिओ लावला, मी वारा घालायला लागले, आणि बाहेर स्पीकर खण् खण् खण् खण्! हातभर हिरवा चुडा, सणासाठी आदल्या आठवड्यातच भरलेला. अप्पा ओरडले, "कुणाचं लग्न लागतंय आत?"

बकुळावैनी म्हणाली, "मी घालते." तिच्या हातात माझ्याहून दुप्पट. तिला लांब केलं. मी म्हटलं, बांगड्या काढून ठेवते घटकाभर. तर ती किंचाळलीच, "आजच्या दिवशी? सवाष्ण बाई तू! वेड लागलं का?" आणि ते किंचाळणंही स्पीकरमधून मजलाभर गेलं. मग मी मनगटापासून कोपरापर्यंत यांचा रुमाल घट्ट बांधला. तर त्या बांगड्या रुमालाच्या आत कुजबुजायला लागल्या. अप्पा म्हणाले, "आता चहाड्या कोण करतंय?"

मग पुरुषमाणूस. यांचे हात अडकलेले, कारण कालच्या पडण्यात वायरचं तोंड तुटलं होतं, ते दोन बोटांनी दाबून धरावं लागत होतं. बाबुराव पुढे झाले. बाह्या सारल्या, पंखा घेतला, आणि शेगडी पेटवतात तसा मारायला लागले. पंखा खोक्यावर फट् फट्. "हळू!" हे ओरडले. बाबुराव हळू झाले. दोन घटका सगळं शांत. मग बाबुरावांना आपली सकाळची तपकीर भोवली. अशी शिंक दिली, की बाहेर बाकावरून अप्पा गुडघ्यांसकट उभे राहिले. स्पीकर दोरीवर गरागरा फिरत होता.

बातम्यांची वेळ होत आली. सगळा मजला आमच्या दाराशी जमलेला आणि सगळे एकमेकांना गप्प करत होते.

तेव्हा अप्पा म्हणाले, "रखमाला बोलवा."

रखमाकाकी म्हणजे दत्तारामकाकांची बायको. त्यांच्या मागे ती गिरणीत बॉबिन भरायच्या खात्यात लागली. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, दार लावून घ्यायची. चाळीत हळदीकुंकू असलं, बारसं असलं, की ते दार आधीच बंद असायचं, कुणाला सांगावं लागू नये म्हणून. आजही बंद होतं. त्या एकाच दाराला तोरण नव्हतं.

बकुळावैनी हळूच म्हणाली, "अप्पा, आज मंगल दिवस. ती स्वतःच नाही यायची. आणि बरंही दिसत नाही."

अप्पांचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. चहाविना गेलेल्या त्या सगळ्या वर्षांचा राग मी पाहिला होता, पण हा वेगळा होता.

"मंगल कशानं झाला गो हा दिवस?" ते म्हणाले. "तुझ्या तोरणानं? का माझ्या चहा सोडण्यानं? ज्यांच्यामुळे झाला त्यांच्या बायकांनी दारं लावून बसायचं, आणि तू तोरण लाव!"

बकुळावैनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाईट नव्हती हो ती, आपण सगळेच जसे असतो तशी होती.

अप्पा कुणाचा हात न धरता निघाले. ज्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता त्या गुडघ्यांनी अख्खी गॅलरी चालून गेले, कठड्याला धरत. टोकाचं दार ठोठावलं. रखमाकाकी बाहेर आली. पांढरं लुगडं, डोक्यावरून पदर.

"मी कशाला, अप्पा? आज?"

"रेडिओला वारा घालायचाय," अप्पा म्हणाले. "सगळ्यांच्या हाताला आवाज आहे. तुझ्या हाताला आवाज नाही, रखमा." एवढं म्हणून त्यांनी तिचं दार पुरतं उघडलं. मग म्हणाले, "तो का नाही ते मला ठाऊक आहे. चल."

ती आली. दाराशी लोक आपोआप बाजूला झाले. माझ्या हातातून तिनं पंखा घेतला, रेडिओपासून वीतभर लांब धरला आणि मनगट फिरवायला लागली. बॉबिनवर धागा भरणारे हात ते! वारा येत होता आणि पंखा हलतोय हे डोळ्यांना दिसत होतं, म्हणूनच कळत होतं. अप्पा बाकावर जाऊन बसले, यांनी बटण फिरवलं. नळ्या लाल झाल्या.

बाहेर आवाज स्वच्छ आला. खाली घरघर नाही, वर खणखण नाही. आधी कसलंसं वाद्य, मग तो बातम्यांचा माणूस. आज महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आलं, मुंबई ही राज्याची राजधानी. आणखी बरंच बोलला तो. घसा बसला नाही. रखमाकाकी रेडिओकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती, आणि हात थांबत नव्हता.

आणि मग आमच्या दाराशी जमलेल्या सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली. त्या कान उगवलेल्या नळीनं ती ऐकली आणि दामदुपटीनं अप्पांच्या कानात सांगितली. "अरे कळलं! कळलं!" अप्पा कान दाबून ओरडले. "बहिरा नाही मी!" लोक हसायला लागले, रडायला लागले. बाबुराव अप्पांच्या पाया पडले, आणि अप्पांनी त्यांना छप्पन साल माफ केलं. हे वायर सोडून तिथेच खाली बसले, बोटं चोळत. रेडिओ यांनी आधीच बंद केला होता.

मी स्टोव्हला पंप मारायला लागले. चहा, साखर, दूध, आलं ठेचून. स्वतःच्या घरात, दार उघडं टाकून! वास गॅलरीत गेला, जाऊ दे म्हटलं, पार दादरपर्यंत जाऊ दे.

वळून बघते तर रखमाकाकी अजून वारा घालतेय. रेडिओ गार पडलेला, नळ्या विझलेल्या, आणि तिचा हात आपला फिरतोय. कुणाला तिला थांब म्हणवेना. खाली ढोल सुरू झाले होते, बोललेलं ऐकूही येत नव्हतं.

अप्पा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पंजाची बशी केली आणि ओठांशी नेली. ती खूण मी त्या जानेवारीनंतर पहिल्यांदा बघत होते. रखमाकाकीनं ती पाहिली आणि तिचा हात थांबला.

मी कपबशी अप्पांच्या हातात दिली. त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला, आणि कप तिच्यापुढे धरला.

"अर्धा ठेवा म्हणाला होता," अप्पा म्हणाले. "ठेवला होता. घे."

तिनं कप घेतला. किती तरी वेळ नुसता धरून ठेवला. अप्पाही बशी धरून थांबले, चार वर्षं थांबलेला माणूस, आणखी थोडं थांबले. मग तिनं एक घोट घेतला, आणि दत्तारामकाका गेल्यापासून ज्या बाईच्या तोंडून कुणी त्यांचा विषय ऐकला नव्हता, ती माझ्याकडे वळून म्हणाली,

"साखर कमी झाली गो, चंपा. ते अर्धाच कप प्यायचे, पण साखर पुऱ्या कपाची घ्यायचे."

अप्पा मोठ्यानं हसले, आणि हसता हसता त्यांच्या बशीतला चहा हिंदकळून धुतलेल्या धोतरावर सांडला. "खरं आहे," ते म्हणाले, "हॉटेलवाला दर वेळी कटकट करायचा."

मी साखरेचा डबा तिच्यापुढे धरला आणि म्हटलं, "घे काकी, हवी तेवढी घे."